एअर बेड घ्यायचाय, फुग्यांचा की नळ्यांचा? (सासूबाईंसाठी, जरा अर्जंट)

निशिगंधा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा. सासूबाईंना (वय ७८) अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेलीय, आपलं बोललेलं कळतं त्यांना पण स्वतः बोलता येत नाही. परवा डिस्चार्ज देतायत. माकडहाडाच्या तिथे रुपयाएवढा लाल डाग दिसतोय, सिस्टर म्हणाल्या बेडसोर (सतत पडून राहून होणारी जखम) व्हायला नको, घरी नेण्याआधी एअर बेड आणून ठेवा. कुठला ते मात्र कुणी नीट सांगेना. कराडला सर्जिकलच्या दुकानात गेलो तर त्याने दोन काढून दाखवले, एक फुग्याफुग्यांचा २८०० ला आणि दुसरा आडव्या नळ्यांचा साडेआठ हजारला. वर म्हणतो ताई दोन्ही सारखेच, तुमच्या बजेटवर आहे. अहो सारखेच असतील तर तिप्पट पैसे कशाचे? नवरा म्हणतो महागडाच घेऊन टाकू, पण पुढे मावशी, डायपर, फिजिओ सगळाच खर्च उभा आहे म्हणून विचार करतेय. वजन साधारण ६५ किलो. लाइट इकडे दिवसातून एकदा तरी जातेच. ज्यांनी घरात वापरलाय त्यांनी प्लीज सांगा.

ठाणेकरीण
नळ्यांचा घे. आमचे बाबा बरीच वर्षं अंथरुणावर होते, आमच्याकडे दोन्ही झाले वापरून. फुग्यांचा फुगून फुगून दोन-अडीच इंच फुगतो, बारीक माणूस असेल तर ठीक आहे पण ६५ किलोला कमरेखाली तो पार चपटा होतो आणि माणूस खालच्या गादीवरच झोपलेला असतो, आपल्याला वाटतं एअर बेडवर आहे. नळ्यांच्या नळ्या चार-पाच इंचाच्या असतात. शिवाय फुग्यांचा बेड एकसंध असतो, कुठेतरी बारीक भोक पडलं की अख्खी बाजू बसते. नळीवाल्यात खराब झालेली एकच नळी बटणं सोडवून बदलता येते, फक्त सुटी नळी मिळते का ते दुकानदाराला घ्यायच्या आधी विचार, नंतर विचारून उपयोग नाही.

आणि विकतच घ्यायला हवा असं नाही गं. गावोगावी संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं असतात, डिपॉझिट ठेवून नाममात्र भाड्याने फाउलर बेड (डोक्याची आणि गुडघ्याची बाजू उचलता येणारी हॉस्पिटलसारखी कॉट), व्हीलचेअर, एअर बेड देतात. कराडात नक्की असेल, चौकशी कर. भाड्याचा आणलास तर तिथेच फुगवून बघ, रिकामा गुंडाळलेला घरी आणू नकोस.

सांगलीचा_पैलवान
उंदराकडं लक्ष ठेवा ताई. चेष्टा न्हाई करत. आमच्यात आज्जीच्या बेडची नळी रात्रीत कुरतडली, पंप आपला रात्रभर घुर्र घुर्र चालू आणि आज्जी सपाट गादीवर. पंप पायाकडं अडकवत्यात त्यामुळं नळ्या जमिनीला लागत्यात, त्या वर घ्या आणि पट्टीनं बांधा. पण घट्ट आवळू नका न्हाईतर हवाच जायची न्हाई.

परदेशी_चिमणी
निशिगंधा, मी इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट नर्स आहे, घरोघर फिरून हेच बघायचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

बेडचं राहू दे, आधी तो डाग बघ. बोटाने दाब आणि सोड. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर तिथलं रक्त फिरतंय, बरं आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची पहिली स्टेज, वरची कातडी शाबूत पण आत दुखापत सुरू झालेली. दुसरीत वरची साल जाते किंवा फोड येतो, तिसरीत जखम चरबीपर्यंत उतरते आणि चौथीत स्नायू, हाड. एक लक्षात ठेव, पुस्तकातले लाल डाग गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसतच नाही कितीदा, जांभळट किंवा काळपट दिसतं. म्हणून हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का, नाहीतर उलट पिचपिचीत. रोज एकाच वेळी, अंग पुसताना. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू. टाचा सगळेच विसरतात.

हे होतं कशाने, तर खालून गादी आणि वरून हाड यांच्यात मांस दाबलं जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. आपण झोपेतसुद्धा हलत असतो, त्यांना ते जमत नाही आणि लुळ्या बाजूला टोचतंय हेही पुष्कळदा कळत नाही. नळ्यांच्या बेडमध्ये एक सोडून एक नळ्या पंपाच्या एका तोंडाला जोडलेल्या असतात आणि उरलेल्या दुसऱ्या तोंडाला. साधारण दहा मिनिटांनी एक गट फुगतो तेव्हा दुसरा सैल होतो, म्हणजे टेकलेली जागा बदलत राहते. डोक्याखालच्या दोनतीन नळ्या बऱ्याच बेडमध्ये कायम फुगलेल्याच असतात, तिथे बिघाड समजू नकोस.

पण बेड घेतला म्हणून कूस बदलायची सुटका नाही. दिवसा दोन-दोन तासांनी बदलाच. अगदी खुब्यावर आडवं नाही करायचं, पाठीमागे उशी घालून जेमतेम तिरकं, ३० अंश म्हणतात ते, म्हणजे खुबाही सुटतो आणि माकडहाडही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लुळ्या बाजूवर ठेवताना खांदा अंगाखाली दाबला जात नाही ना बघायचं आणि तो हात धरून कधीही ओढायचं नाही.

चहाबाज
कूस बदलायचीच आहे तर साडेआठ हजार कशाला घालायचे? प्रामाणिक शंका आहे. चांगल्या फोमच्या गादीवर दोन तासांनी वळवलं तर तेच नाही का? मला तर यात सर्जिकलवाल्यांचं बरंच काही दिसतं.

परदेशी_चिमणी
@चहाबाज, शंका अगदीच फालतू नाही. इथे यूकेतच याच्यावर मोठी चाचणी झाली, प्रेशर २ नावाची, २०१९ मध्ये छापून आली. दोन हजारांवर पेशंट, निम्म्यांना हवा बदलणारी गादी आणि निम्म्यांना चांगल्या प्रतीचा फोम. नवीन जखम झाली ती हवेवाल्यांत ६.९ टक्क्यांना आणि फोमवाल्यांत ८.९ टक्क्यांना, म्हणजे फरक थोडका, इतका की खात्रीने सांगता येऊ नये. त्याआधी २००६ च्या चाचणीत गादीवर टाकायचा हवेचा बेड आणि अख्खी हवेची गादी यांची तुलना केली होती, तिथेही जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे दुकानदार ‘याच्यावर जखम होणारच नाही’ म्हणाला तर ते खोटं.

पण हे हॉस्पिटलातले आकडे आहेत, तिथे रात्रीही नर्स असते. आणि तो फोम म्हणजे मुद्दाम बनवलेला महाग फोम, आपली कापसाची गादी नव्हे, दिवाणावरची चार इंची तर नव्हेच. घरात रात्री दोन ते सहा कोण उठणार आहे? सून एक, मावशी दिवसाची. बेड तिथे उपयोगी पडतो, रात्रीचं एखादं वळवणं उशिरा झालं तर जरा सांभाळून घेतो. आणि इथे डाग आधीच आलेला आहे. त्यामुळे मी तरी घ्या म्हणेन, पण त्यापायी मावशीच्या पैशात काटकसर करू नका. दोन्हीतलं एकच परवडत असेल तर रात्रीचं माणूस ठेवा, खाली बरा फोम घाला.

खिळेमोळे
मी पडलो मेकॅनिक डोक्याचा, आमच्याकडचा पंप बंद पडला तेव्हा वॉरंटी गेलीच होती म्हणून खोलला. आत अगदी साधा मामला आहे. एक कॉइल, तिच्यासमोर लोहचुंबक लावलेली पट्टी, घरच्या लाइटवर ती पट्टी थरथरते आणि दोन्ही बाजूंचे रबरी पडदे दाबत हवा ढकलते. माशांच्या टाकीचा पंप उघडलाय कधी? तेच यंत्र. शेजारी एक चिमुकली मोटर असते, ती एक चकती अगदी सावकाश फिरवते आणि त्या चकतीतल्या खाचांमुळे हवा कधी या नळीत तर कधी त्या नळीत. आमच्यात रबराचा पडदा तडकला होता, तो मिळाला आणि पंप परत चालू. पहिला अंदाज हाच घ्यायचा, घुरघुर येतेय पण हवा नाही तर पडदा किंवा नळी. दोन्ही गट फुगतात पण बदलत नाहीत तर ती चकती किंवा मोटर.

वीज फार खात नाही, आमच्यावर १० वॉटच्या आत लिहिलंय, साध्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर आवाज जरा वाढतो, घाबरू नका. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर काही पंपांच्या नळ्या काढून टोपणं लावायची सोय असते, हवा काही वेळ टिकते. सोय नसेल तर दोन्ही नळ्या चिमटून धरायला कपडे वाळत घालायचा चिमटा पुरत नाही, नळ्या दुमडून दोरीने बांधा. पंपाच्या मागे स्पंजचा फिल्टर असतो, महिन्यातून एकदा धुवा. कुणी धूत नाही.

जाता जाता, डब्यावर ३२ मिमी पाऱ्याचा आकडा लिहिलेला असतो, याच्या खाली दाब ठेवला की जखम नाही वगैरे. हे कितपत खरं?

परदेशी_चिमणी
३२ चा आकडा लँडिस नावाच्या शास्त्रज्ञाचा, १९३० चा. त्याने निरोगी माणसांच्या नखाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांतला दाब मोजला होता. ७८ वर्षांच्या, पक्षाघात झालेल्या बाईच्या माकडहाडाला तो आकडा कसा लावणार? डब्यावर छापायला बरा दिसतो एवढंच.

आजीचा_बटवा
आमच्या आईला आम्ही साधी हवेची गोल रिंग दिली होती कमरेखाली, खूप आराम वाटायचा तिला. शिवाय रोज पाठीला स्पिरिट लावून चोळायचं आणि वर पावडर. पूर्वी हॉस्पिटलात सिस्टर हेच करायच्या. एवढी यंत्रं कुठे होती.

परदेशी_चिमणी
@आजीचा_बटवा, पूर्वी करायचे हे खरं, आता तिन्ही बंद केलंय. रिंगच्या मधल्या पोकळीत मांस लोंबकळतं आणि कडेने सगळीकडून दाब येतो, मधलं रक्त अजूनच अडतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरा जातात. आणि लाल झालेल्या जागेवर चोळायचं तर मुळीच नाही, आतलं नाजूक मांस फाटतं. पावडर घामात मिसळून घड्यांमध्ये तिचे गोळे होतात, तेच घासतात. खोबरेल हलक्या हाताने लावा हवं तर, पण डागावर रगडू नका. संडास-लघवीनंतर लगेच पुसून, नुसतं टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावायचं.

वाचनमात्र
आमच्या लहानपणी पाण्याची गादी असायची, मोठ्या रबरी पिशवीत बादल्या बादल्या पाणी भरायचं. थंडीत आजोबा कुडकुडायचे आणि गादी हलवायला चार माणसं लागायची. सहज वाचलेलं आठवलं, पाण्याच्या गादीची कल्पनाच मुळी अशा जखमांसाठी निघाली, नील आर्नॉट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्ये लाकडी हौदात पाणी भरून वर रबर लावलेलं कापड पसरलं होतं. आणि मोठ्या हॉस्पिटलात भाजलेल्या पेशंटसाठी एक बेड असतो त्यात वाळूसारखे काचेचे बारीक मणी भरलेले असतात, खालून गरम हवा सोडली की ते मणी पाण्यासारखे हलायला लागतात आणि पेशंट जणू तरंगतो. त्याची किंमत विचारू नका.

निशिगंधा
सगळ्यांचे खूप खूप आभार, कितीतरी गोष्टी कुणी सांगितल्याच नव्हत्या. रुग्णसाहित्य केंद्रात नळ्यांचा मिळाला, डिपॉझिट भरून. फुगवून बघितला, दोन नळ्या लूज होत्या त्या त्यांनी बदलून दिल्या. सासूबाई काल घरी आल्या. डाग दाबला तर पांढरा होतोय, हुश्श.

आता नवीन भानगडी. रात्री त्यांना मळमळल्यासारखं झालं, होडीत झोपवल्यासारखं वाटत असेल बहुतेक, हाताने पंपाकडे सारख्या खुणा करत होत्या बंद करा म्हणून. पंपाला एक गोल बटण आहे, सॉफ्ट ते फर्म. मी सॉफ्टवर केलं तर जरा शांत झोपल्या. मावशींनी वर मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर असं घातलंय, त्या म्हणतात प्लॅस्टिकवर माणूस झोपवायचा का. मला काही सुचेना.

ठाणेकरीण
गोधडी काढ गोधडी काढ! एवढ्या थरांच्या खाली नळ्या काय नाचतील ते वर काही पोचत नाही. एक सुती चादर, ती पण ढिली, ताणून खोचली की झोळी होते आणि सगळं वजन चादरीवर. मेणकापडाने घाम धरतो. मधोमध फक्त कमरेखाली एक शोषणारी पॅड घाल. आणि मावशींना प्रेमाने सांग, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

परदेशी_चिमणी
बटणाचं जरा समजून घे, सगळ्यांची गडबड इथेच होते. ते आरामाचं बटण वाटतं पण ते खरं तर वजनाचं आहे. मऊ केलं की पेशंटला बरं वाटतं, आणि तेव्हाच कंबर खाली टेकलेली असते. तपासायचं असं. त्यांना पाठीवर झोपव, दहा मिनिटं जाऊ दे, मग तळहात वर करून हात एअर बेडच्या खाली सरकव, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, बरोब्बर माकडहाडाच्या खाली. हाताला हाड जाणवलं तर हवा कमी आहे. हात आणि अंग यांच्यात इंचभर तरी फुगलेली नळी राहायला हवी. दहा मिनिटांनी दुसरा गट फुगेल तेव्हा परत बघ. तेवढी हवा राहील असं सगळ्यात मऊ सेटिंग, ते तुमचं. पेनाने बटणावर खूण करून ठेव, पाहुणे येऊन फिरवतात. त्या फाउलरवर टेकून बसल्या की वजन कमरेवर येतं, तेव्हा पुन्हा तपास. हॉस्पिटलातल्या महाग बेडना सेन्सर असतो, ते आपापलं बदलतात, आपल्याला हात घालावा लागतो.

मळमळ बऱ्याच जणांना होते पहिल्या काही रात्री. पंपावर ‘स्टॅटिक’ बटण असेल तर जेवताना आणि अंग पुसताना ते लाव, सगळ्या नळ्या सारख्या होतात. पण आठवणीने परत चालूवर कर. आणि त्या खुणा करून सांगतायत ना, त्यांना एकदा नीट समजावून सांग हे कशासाठी आहे ते. कळतंय म्हणालीस त्यांना. न विचारता माणसाला हलत्या बेडवर टाकलं तर कुणीही चिडेल.

चहाबाज
हे शेवटचं पटलं. आमच्या काकांनी अशीच पंपाची पिन काढून टाकली होती रागाने, चांगला हात चालत होता त्यांचा.

सांगलीचा_पैलवान
आवाजाला एक सांगतो, पंप लोखंडी बेडला लटकवला की अख्खा बेड गुणगुणतोय. पंपाच्या मागं जुन्या स्लिपरचा तुकडा कापून घाला. निम्मा आवाज गेला आमच्यात. आणि बाजूच्या रेलिंग वर ठेवा बरं का, बेड चार-पाच इंच उंच झालाय आणि कडा मऊ, कडेवर बसवलं तर सरळ खाली घसरत्यात.

परदेशी_चिमणी
पैलवान बरोबर बोलतायत. अजून एक, भरवताना डोक्याची बाजू उंच करावीच लागते, पक्षाघातात ठसका लागून अन्न श्वासनळीत जाण्याची भीती असते. पण मग माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, त्या ओढाताणीने माकडहाडाची जखम नुसत्या दाबापेक्षा लवकर वाढते. म्हणून आधी गुडघ्याखालची बाजू उचल, मग डोक्याची. जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच ठेव आणि मग खाली आण, ३० अंशांच्या आत. वर सरकवताना काखेत धरून ओढायचं नाही, अंगाखाली आडवी चादर ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवा. आणि खाण्यात डाळी, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, प्रोटीन नसेल तर कुठलाही बेड आणला तरी कातडी भरत नाही. गिळायला त्रास असेल तर स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवा, पातळ पाणी घशात अडकतं कधीकधी.

पुढे डागाची साल गेली, पाणी सुटलं, वास आला किंवा ताप आला तर इथे विचारत बसू नकोस, डॉक्टरांना गाठ.

निशिगंधा
गोधडी निघाली. हात घालून बघितला, सॉफ्टवर खरंच हाड लागत होतं गं!! आता मधल्या खुणेच्या जरा पुढे ठेवलंय. नवऱ्याने आईला सगळं समजावलं, पंप दाखवला, त्यांनी स्वतः डाव्या हाताने नळी चाचपून बघितली आणि मान हलवली. काल रात्री खुणा केल्या नाहीत. स्लिपरचा तुकडा पण लावला (मुलाची नवी कोरी स्लिपर कापली गेली, ते वेगळं महाभारत).

शेवटचा प्रश्न, हा संस्थेचा बेड आहे, तर धुवायचा कसा? डायपर गळला काल.

ठाणेकरीण
पेशंट दुसरीकडे हलवला असेल तेव्हाच पूर्ण पुसायचा, एरवी डाग पडला तिथल्या तिथे. कोमट पाण्यात साधा साबण, मऊ फडकं, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं. फिनेल, ॲसिड असलं काही नको, प्लॅस्टिक कडक होऊन चिरतं. नळ्यांच्या मधल्या फटीत सगळं साचतं, तिथे बोट घालून पुसायचं. परत करशील तेव्हा हवा काढून सावलीत वाळव, उन्हात नको, आणि घडी न घालता गुंडाळ, घडीवरच फुटतात ते. नळ्या आणि पंप एकाच पिशवीत दे, आम्हाला मिळालेल्या बेडच्या पंपाची पिनच नव्हती.

खिळेमोळे
आणि त्या दोन बदललेल्या नळ्यांची बटणं एकदा तपासा, नवीन नळीचा जोड पहिल्या आठवड्यात सुटतो बऱ्याचदा. साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर तिथून हवा जातेय.